रंग भेगेच्या आत होता

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे धातूच्या थकव्याबद्दल, कारखान्यातल्या भाषेत फटीगबद्दल. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट वोलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि हीच गोष्ट आकड्यांत मांडली. एका झटक्यात ज्या भाराने आस मोडणार नाही, तोच भार लाखो वेळा आला-गेला तर आस मोडतो. भार किती वर-खाली होतो आणि किती वेळा होतो, हे पाहायचं. पुन्हा सांगतो: किती वर-खाली, आणि किती वेळा.

आता उत्तर समुद्रातली घटना सांगतो. २७ मार्च १९८०, नॉर्वेच्या हद्दीतलं एकोफिस्क तेलक्षेत्र. तिथे ‘अलेक्झांडर कीलँड’ हा पाच पायांचा तरंगता फलाट कामगारांच्या निवासासाठी उभा होता. वारा जोराचा, लाटा उंच, पण असं हवामान त्या समुद्राला नवं नव्हतं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मोठा आवाज झाला आणि फलाट तीस अंशांहून जास्त कलला. पाचांपैकी एक पाय निखळून गेला होता. काही मिनिटं एकाच नांगराच्या दोरावर सगळं तगून राहिलं. मग तोही तुटला आणि फलाट उलटला. २१२ माणसांपैकी १२३ गेली.

तो पाय आडव्या-तिरक्या नळ्यांनी, म्हणजे ब्रेसनी, बाकीच्या फलाटाला जोडलेला होता. त्यातल्या डी-६ या ब्रेसचा व्यास सुमारे २.६ मीटर आणि पत्र्याची जाडी २६ मिलिमीटर. एवढ्या दणकट नळीला एक भोक पाडून त्यात ३२५ मिलिमीटर व्यासाचा आखूड पाईप बसवला होता. कशासाठी? पाण्याखालचा आवाज टिपणारं हायड्रोफोन नावाचं यंत्र अडकवायला. हा पाईप ब्रेसला ज्या फिलेट वेल्डने, म्हणजे दोन भागांच्या कोपऱ्यात भरलेल्या वेल्डने, जोडला होता, त्याची जाडी फक्त ६ मिलिमीटर. पाईप म्हणजे किरकोळ जोडकाम असं धरलं गेलं, म्हणून मुख्य ब्रेसइतकी ताकदीची तपासणी त्याला मिळाली नाही.

अपघातानंतर तपास करणाऱ्यांना तुटलेल्या कडेवर काय दिसलं, ते ऐका. जुन्या भेगेच्या आत रंग होता! फलाट फ्रान्समध्ये डंकर्कच्या गोदीत बांधला आणि १९७६ मध्ये सुपूर्द झाला. रंग भेगेत शिरला, याचा अर्थ रंगकामाच्या वेळी भेग तिथे होतीच. भोकाच्या काठावर ताण साधारण तिप्पट होतो. भोवतीचा पाईप चांगला जोडलेला असेल तर तो त्यातला बराच ताण पेलतो. इथे त्याचा वेल्डच फाटला. मग भोकाचा काठ उघडा पडला, दोन्ही बाजूंनी भेगा ब्रेसच्या पत्र्यात शिरल्या आणि प्रत्येक लाटेसरशी थोड्या थोड्या पुढे सरकत घेराच्या दोन-तृतीयांशाहून जास्त भाग खाऊन गेल्या. उरलेला तुकडा एका दमात तुटला. त्या पायाला धरणाऱ्या बाकीच्या पाचही ब्रेसवर मग पेलणार नाही इतका भार आला आणि त्या एकामागून एक गेल्या.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. आधी तपासणी, मग रंग. उद्घाटनाच्या तारखेसाठी सकाळी वेल्डिंग आणि दुपारी रंग, हे बंदच व्हायला हवं. आणखी एक, विषय थोडा बाजूला जातो, पण सांगतोच: प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात मोडलेल्या शाफ्टचं, तुटलेल्या स्प्रिंगचं एक कपाट असावं. तुटलेल्या पृष्ठभागावर भेगेची सुरुवात कुठे आणि शेवटचा तुटका भाग कुठे, हे हाताने फिरवून पाहिल्याशिवाय मुलांना कळत नाही.

वेल्डची कड, भोकाचा काठ, अचानक बदलणारी जाडी: भेग इथूनच निघते. ट्रकच्या चेसिसला मध्येच ब्रॅकेट वेल्ड करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वेल्डच्या जोडाचं आयुष्य ताणाच्या घनाप्रमाणे घटतं. ताण दुप्पट, तर आयुष्य आठवा हिस्सा.

तपासायचं कसं? डाय पेनिट्रंटने, म्हणजे बारीक भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने. रंग, तेल, गंज काढा, पण शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा, नको, त्याने भेगेचं तोंड चेपून बंद होतं. लाल द्रव लावून दहा ते वीस मिनिटं थांबा. मग फडक्याने पुसा, क्लीनर फडक्यावर मारा, जोडावर नाही, नाहीतर भेगेतला द्रवही धुऊन निघतो. वर डेव्हलपरचा, म्हणजे भेगेतला द्रव शोषून बाहेर ओढणाऱ्या पांढऱ्या पावडरचा, पातळ थर द्या आणि दहा मिनिटांनी बघा. लाल रेघ उमटली, तर भेग आहे.

पक्की दुरुस्ती होईपर्यंत भेगेच्या टोकाला भोक पाडून तिला थोपवता येतं. मात्र खरं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं. ते पेनिट्रंटने शोधा, भोकात पूर्ण येईल असं घ्या आणि भोकाची आतली बाजू गुळगुळीत करा. ड्रिलची खरखर राहिली, तर भोकाच्या पलीकडून नवी भेग निघते.