वावधनाचं साल

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या काही वर्षांत आपल्याला वादळांची नावं तोंडपाठ झाली. निसर्ग, तौक्ते. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात उठणाऱ्या चक्रीवादळांना २००४ पासून अशी नावं देतात. ती शेजारपाजारचे देश सुचवतात. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं. ३ जून २०२० ला ते रायगडात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. आम्ही जळगावला टीव्हीसमोर बसून कोकणातल्या आडव्या झालेल्या सुपाऱ्या पाहत होतो. आई गावाहून आलेली होती. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “आपलं बी आसंच पडेल व्हतं.”

कोणत्या वर्षी ते तिला सांगता येत नाही. ती म्हणते, वावधनाचं साल.

चोपडा, अमळनेर, शिरपूरकडच्या श्रोत्यांना हा शब्द उलगडून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वैशाख-ज्येष्ठात, पावसाळा तोंडावर आलेला असताना, दिवसभर जीव नकोसा करणाऱ्या उन्हानंतर संध्याकाळी जे वादळ सुटतं, ते वावधन. त्याला नाव मिळत नाही. समुद्रातलं वादळ चार-चार दिवस आधी दिसतं, त्याची वाट नकाशावर काढता येते. वावधन मात्र दुपारी आपल्याच डोक्यावर तयार होतं. तापलेली जमीन, वर चढणारी दमट हवा, आणि बघता बघता सातपुड्याएवढा उंच झालेला ढग. त्या ढगातून पाऊस सुटला की थंड झालेली जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून आधी गार वारा येतो, मग धूळ, मग पाऊस. सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यात वर्ष जातं.

मी तेव्हा नऊ वर्षांची. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठ दिवस झाले होते. खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. माझ्या दोन्ही आत्या माहेरी आलेल्या, दारच्या निंबाला झोका बांधलेला. घरात बायका जास्त असल्या की वर्षाची वाळवणं उरकून घ्यायची, ही मोठ्या मायची, म्हणजे माझ्या आजीची, रीत. त्या दिवशी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होत्या. ज्वारी आधीच तीन दिवस भिजत घातलेली, दळून आणलेली. पहाटे चारला अंगणात चूल पेटली, मोठ्या पातेल्यात घाटा रटरटायला लागला. लसूण, जिरं, तीळ, मिरची. आम्हा पोरांना वाटीत गरम घाटा आणि वर कच्चं तेल. ती चव अजून जिभेवर आहे. ऊन चढायच्या आत आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, ओल्या लुगड्यांवर बिबड्या पसरून झाल्या होत्या. पाच पायली ज्वारीच्या. आईचे तळहात संध्याकाळपर्यंत लाल होते.

चारच्या सुमाराला पाखरं गप्प झाली. झोक्यावर मी होते, मला आठवतं, कारण झोका आपोआप एका बाजूला ओढला जायला लागला. पश्चिमेला आभाळ विटकरी झालं होतं. मोठी माय ओट्यावरून ओरडली, “वावधन उनं वं माय! पोरेस्ले मझार ल्या!”

आई मात्र आत आली नाही. ती आणि धाकटी आत्या शिडीनं धाब्यावर चढल्या. अर्ध्या बिबड्या तरी गोळा होतील असं त्यांना वाटलं असणार. मी दारातून पाहिलं: एक निळं लुगडं वारा भरून उभं राहिलं, बिबड्या त्याच्यावरून पानांसारख्या सुटल्या, आणि आई त्याचं टोक धरून छताच्या कडेकडे ओढली जात होती. आत्यानं तिला कमरेला मिठी मारली. लुगडं सुटलं. त्या दोघी धाब्यावर तशाच पालथ्या पडून राहिल्या, खारी मातीत तोंड खुपसून, आणि आम्ही खाली आत.

पुढचं मला फक्त ऐकू आलं. दाराला अडसर घालून मोठी माय पाठ लावून बसली होती. गोठ्याचे पत्रे उडाले तेव्हा लोखंडी किंकाळीसारखा आवाज झाला. निंबाची फांदी झोक्यासकट मोडली. आणि घरामागून, बागेकडून, एक ओला आवाज यायला लागला. लाकूड मोडल्याचा तो नव्हता. काकडी मोडावी तसा, पण शेकडो, हजारो. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांच्या अंगावर आत्ता हे ऐकताना काटा आला असेल.

केळीला आपण झाड म्हणतो, पण ते झाड नाही. तिचं खोड म्हणजे पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले. आत लाकडाची काडी नाही, सगळं पाणी. मुळं वरच्या वरच. मृगबागेची लागवड जून-जुलैतली, म्हणजे बरोबर या दिवसांत ती निसवलेली असते, प्रत्येक खोडाच्या डोक्यावर घडाचं वजन. वाऱ्याला याहून सोपं काय असतं? आमची तीन एकर बसराई जातीची केळी होती. बसराई बुटकी, वाऱ्याला जरा दम धरते असं म्हणतात. त्या दिवशी नाही धरला.

नाना, माझे वडील, बागेतच होते. ते विहिरीच्या कठड्याला धरून बसले होते हे नंतर कळलं. वारा थांबल्यावर आई आणि आत्या शिडीवरून उतरल्या, अंगावर चिखल, आणि दोघींच्या आधी नजरा बागेकडे गेल्या. माजघरातून पूर्वी तापीकाठची बाभूळ दिसत नसे, मध्ये केळी असायची. आता थेट नदी दिसत होती.

नाना अंधार पडल्यावर आले. मोठ्या मायनं एवढंच विचारलं, “मानसे शेतस ना सगळा?” म्हणजे, माणसं आहेत ना सगळी? मग कुणी काही बोललं नाही. रात्री भाकरी झाली, सगळे जेवले.

तिसऱ्या दिवशी पंचनामा करायला माणूस आला. ओट्यावर चहा झाला, किती खोडं पडली, किती उभी, लिहून झालं. तेव्हा आईनं दाराआडून सांगितलं, पाच पायली ज्वारीच्या बिबड्याही लिहा. तो भला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, ताई, त्याला रकाना नाही. मी नऊ वर्षांची असले तरी मला आईचा चेहरा पाहून कळलं की ही गंमत नव्हती. त्या तेल-मिठाच्या घरात वर्षभराचं तोंडी लावणं त्या लुगड्यावर होतं. वाऱ्यात त्या दोघी धाब्यावरून गेल्या असत्या तर त्यालाही रकाना सापडला असता, हे मला मोठेपणी सुचलं आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही.

विजेचे खांब पडले होते, मोटर चालणार नव्हती. नानांनी मामांकडून बैलगाडीवर डिझेल इंजिन आणलं आणि पडलेल्या बागेला पाणी सोडलं. गावातले लोक बघायला आले, मेलेल्या बागेला पाणी कशाला? नानांनी विळ्यानं एक मोडलेलं खोड बाजूला केलं आणि बुंध्याशी बोट दाखवलं. वीतभर पिल, म्हणजे केळीचा नवा कोंब, होतं, तलवारीसारखं टोकदार, त्याला काही झालं नव्हतं. कोवळे घड गुरांनी खाल्ले, खोडं कापून तिथंच सरीत अंथरली, म्हणजे ओल टिकेल. पुढच्या वर्षीचा पिलबाग त्यावर उभा राहिला. यंदा ज्यांची बाग पडलीय आणि जे हे ऐकत असतील, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: रोटर फिरवून बाग मोडायच्या आधी एकदा बुंध्याशी वाकून बघा. आणि बांधाला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावा. नानांनी ती त्याच पावसाळ्यात लावली.

नाना आता नाहीत. त्यांची लाल कापडाची वही माझ्याकडे आहे. मजुरी, खत, डिझेल, सगळं त्यात. त्या दिवसाच्या पानावर त्यांच्या तिरप्या अक्षरात आहे: “वैशाख शु. ११. वावधन. बाग पूर्ण आडवी. गोठ्याचे पत्रे १४.” त्याखाली शाई वेगळी आहे, म्हणजे पंचनामा होऊन गेल्यावर लिहिलेली ओळ: “बिबड्या, ज्वारी पायली ५. लुगडी ३.”