अर्ल ग्रेमधला सुगंध कुणाचा?

अर्ल ग्रे म्हणजे बर्गमॉट या फळाच्या सालीतल्या तेलाचा सुगंध दिलेला चहा. समोर दिसतोय तो इटलीच्या दक्षिण टोकाचा किनारा, रेज्जो कॅलाब्रिया. एकीकडे आस्प्रोमोंतेचे डोंगर, दुसरीकडे आयोनियन समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत बर्गमॉटच्या बागा. जगातलं बहुतेक बर्गमॉट इथंच पिकतं.

कडू संत्रं आणि लिंबू यांच्या संकरातून आलेलं हे फळ. रस आंबट आणि कडवट, त्यामुळे सोलून खाण्याचं हे फळ नव्हे. खरं धन सालीत. नोव्हेंबरात फळ हिरवं असतानाच तोडणी सुरू होते. साधारण २०० किलो फळांतून जेमतेम १ किलो तेल निघतं.

पूर्वी हे तेल हातानं काढत. फळ अर्धं कापायचं, गर कोरून टाकायचा आणि साल समुद्री स्पंजावर दाबून पिळायची. स्पंज भिजला की खालच्या भांड्यात निथळायचा. १८४४ साली निकोला बारिल्ला यांनी साल खरवडून तेल काढणारं यंत्र केलं आणि काम झपाट्यानं होऊ लागलं. पण त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीपासून, जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना यांच्या प्रसिद्ध अत्तरात बर्गमॉट दरवळत होतंच.

चहात ते आलं इंग्लंडमध्ये. ‘अर्ल’ म्हणजे उमराव असलेले चार्ल्स ग्रे १८३० ते १८३४ या काळात तिथले पंतप्रधान होते. एका चिनी अधिकाऱ्यानं कृतज्ञतेपोटी त्यांना या चहाची कृती दिली, अशी गोष्ट सांगतात. ग्रे चीनला कधी गेलेच नाहीत, आणि बर्गमॉट चीनच्या चहात घालायची रीतही नव्हती. उलट १८३७ साली लंडनच्या एका व्यापाऱ्यावर आरोप झाला, की तो साध्या चहाला बर्गमॉटचा वास लावून भारी म्हणून विकतो. आज जी खासियत, ती तेव्हा भेसळ ठरली होती!

नाव उमरावाचं झालं. ज्यांनी झाडं जगवली, साली पिळल्या, ते मात्र डब्यावर कुठंच नाहीत. हे मला खुपतं. विसाव्या शतकात कृत्रिम सुगंध स्वस्त पडू लागला, तेव्हा याच लोकांच्या बागा कमी झाल्या. २००१ मध्ये इथल्या तेलाला युरोपीय संघाचं मूळस्थान-संरक्षण मिळालं, म्हणजे इथलं नाव फक्त इथल्याच तेलाला लावता येतं; तो मोठा आधार ठरला.

डबा घेताना मागची घटकांची यादी वाचा. नुसतं ‘सुगंधी द्रव्य’ लिहिलं असेल, तर तो वास कारखान्यातलाही असू शकतो. ‘बर्गमॉट तेल’ लिहिलं असेल, तर ते बहुधा याच किनाऱ्यावरून आलेलं असतं.