लाखो मुंग्यांचं वेळापत्रक ठरवतं कोण?

नमस्कार मंडळी! मुंगी म्हटली की वारूळ आलंच, असं आपण धरून चालतो. पण पनामाच्या जंगलात एक मुंगी आहे, जी वारूळ बांधतच नाही. लष्करी मुंगी, शास्त्रीय नाव एसिटॉन बर्चेली.

हा फोटो बघा. बुंध्याच्या आडोशाला लटकलेला हा तपकिरी गोळा म्हणजे त्यांचं घर, आणि ते मुंग्यांचंच बनलंय! एकीच्या पायाची आकडी दुसरीच्या पायात, अशा साखळ्या. आत राणी आणि पिल्लं.

उजाडलं की गोळा सुटू लागतो, फौज शिकारीला निघते. आघाडी दहा-पंधरा मीटर रुंद असू शकते. यातली प्रत्येक कामकरी मुंगी जवळपास आंधळी, सगळा कारभार वासावर. कोळी, झुरळं, नाकतोडे जिवाच्या आकांताने पळत सुटतात आणि टपून बसलेले मुंगीपक्षी त्यांना टिपतात. हे पक्षी मुंग्यांच्या मागे मुंग्या खायला येत नाहीत बरं का, मुंग्यांनी उठवलेले किडे खायला येतात. माणसाने मात्र फौजेच्या वाटेतून बाजूला सरकावं, एवढंच पुरे.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. ही वसाहत साधारण 15 दिवस जवळपास रोज रात्री मुक्काम हलवते. मग साधारण 20 दिवस एकाच जागी थांबते. पुन्हा चालणं, पुन्हा थांबणं. का? आसपासची शिकार संपली म्हणून, असं वाटणं साहजिक आहे.

थिओडोर श्नेइर्ला हे अमेरिकी शास्त्रज्ञ 1932 पासून पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर या मुंग्यांच्या मागावर होते. (पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गटून तलाव भरला आणि एका टेकडीचा माथा पाण्यावर उरला, तेच हे बेट.) त्यांना उत्तर सापडलं पिल्लांमध्ये. अळ्या खादाड असतात तोवर वसाहत चालते. अळ्या कोषात गेल्या की ती थांबते. याच मुक्कामात राणीचं पोट टम्म फुगतं आणि काही दिवसांत ती लाखभर अंडी घालते. मग एकाच सुमाराला कोषांतून नव्या मुंग्या बाहेर पडतात, अंड्यांतून अळ्या निघतात आणि फौज पुन्हा चालू लागते.

राणी कोण होणार, तेही कामकरीच ठरवतात. वसाहत फार वाढली की दुभंगते. तेव्हा जुनी राणी आणि नव्या राण्या यांच्यापैकी जिच्यामागे कामकरी जातात ती टिकते. नको असलेल्या राण्यांना त्या घेरून अडवतात आणि तिथेच सोडून पुढे निघतात.