ई वार्डातला गारवा

(ताराबाई पार्कातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्ता सांगताना आधी वार्ड सांगायची कोल्हापूरची सवय अजून गेलेली नाही. ए, बी, सी, डी म्हटलं की जुनं गाव: शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, तालमी, बोळ, दारापुढचा कट्टा. आणि ई म्हटलं की गावाबाहेर वाढलेलं. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गाव पूर्वेकडं सरकायला लागलं. पुढं राजारामपुरी झाली, आखीव, नंबर घातलेल्या गल्ल्यांची. आपल्या ताराबाई पार्काची आणि नागाळा पार्काची तऱ्हा मात्र निराळी. मोठाले प्लॉट, मधोमध बंगला आणि चारी बाजूंनी आवार. मला आज बोलायचंय ते या आवाराबद्दल. आपला गारवा, आपला स्वभाव आणि आपली भांडणंसुद्धा तिथूनच निघतात, असं माझं मत आहे.

पेठेतली माणसं आपल्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. 'तिकडं शेजारी गेला तर पेपरात वाचून कळतं.' थोडं लागतं, पण खरं आहे. पेठेत दार उघडलं की समोरच्याचं स्वयंपाकघर दिसतं. भांडायचं झालं तरी तोंड बघावंच लागतं. इथं दारापासून फाटकापर्यंत जायचं म्हणजे चपला शोधाव्या लागतात. त्यात आपण सगळे कुठून कुठून आलेले. कोणी गडहिंग्लज-आजऱ्याकडचे, कोणी बेळगाव-निपाणीचे, गुजराती, मारवाडी, बदलीवर येऊन इथंच राहिलेले अधिकारी. आणि झाडं तरी इथली कुठं आहेत? रस्त्यावरचा रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा, गुलमोहर मादागास्करचा. सावली लवकर मिळावी म्हणून लावलेली ही पाहुणी मंडळी आता आपल्यापेक्षा जुनी रहिवासी आहेत.

आता गारव्याकडं येते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. पावसाचं मोठं माप पश्चिमेला गगनबावड्यात रितं होतं, आपल्या वाट्याला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास येतो. एप्रिल-मे महिन्यात दुपार तापते, मग पश्चिमेचं वारं सुटतं, एखाद्या दिवशी वळीव येऊन गारा टाकून जातो. हे हवामान सगळ्या गावाला सारखंच. तरी कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्यापासून रिक्षा आत वळली की अंगाला फरक लागतो. का लागतो?

सावली हे अर्धंच उत्तर. झाड जमिनीतलं पाणी ओढून पानांतून हवेत सोडतं आणि त्या बाष्पीभवनात भोवतालची उष्णता खर्ची पडते. त्यासाठी मुळाशी ओल लागते, ओलीसाठी उघडी माती लागते. ही माती रस्त्यावर नाही, आवारात आहे. रात्रीचं तर आणखी सोपं आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री दहाला परत करतं. माती आणि हिरवळ तेवढं साठवून ठेवत नाहीत. बंगल्याच्या जागी अपार्टमेंट उभं राहताना बांधणारा फाटकापाशी दोन पाम लावतो आणि मागचं सगळं आवार पेव्हिंग ब्लॉकनं मढवतो. पार्किंग हवं ना! माझ्या घरीही दोन गाड्या आहेत, मी सोवळ्यात उभी नाही. पण गारवा गेला कुठं म्हणून विचारायचं असेल तर त्या ब्लॉकखाली बघायला हवं.

वळवात झाड पडलं की आपण म्हणतो, जुनं झालं होतं. पडलेल्या झाडाचा बुंधा एकदा वाकून बघा. पाइप नाहीतर केबल टाकायला रस्त्याकडेनं चर खणलेला असतो. त्या बाजूची मुळं जेसीबीच्या दातानं सरळ रेषेत उडालेली, टोकं काळी पडलेली. दुसऱ्या बाजूची लांब, तुटताना चिरफाळलेली. म्हणजे झाडाला मागून धरून ठेवणारी दोरीच आधी कापलेली होती. रस्त्याकडची मुळं गेली की झाड आवाराच्या, बंगल्याच्या बाजूला येतं, आणि शिव्या झाडाला बसतात.

कायदा आहे. राज्याचा शहरी भागातल्या झाडांचा कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष हा दर्जा आला, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. कागदावर उत्तम. पण साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात गावाबाहेर कुठल्या माळावर साठ रोपं लागली, तर या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींच्या डोक्यावर त्यातलं काय येणार? शिवाय झाड न तोडताही मारता येतं. बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवलं की झालं, परवानगी कोण मागतंय.

खालच्या अंगाला राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती पंचावन्नच्या पुढं गेली. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फिरतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, रमणमळा, नागाळा पार्क, सगळीकडं तोच अनुभव. एवढ्या पुरापुढं आवारातली माती काही करू शकत नाही, उगाच तसं सांगणार नाही. पण पुराआधी आठवडाभर जो पाऊस पडतो, त्यातला काही भाग ती पोटात घेते. फरशीवरून तो थेट नाल्याला जातो. आणि हो, त्या दिवसांत आपल्या फाटकापाशी जेवणाची पाकिटं घेऊन आलेली पोरं बहुतेक तालमींचीच होती. पेपरात वाचून कळतं म्हणणारे.

आता लावायचं काय, हे तुम्ही मला नेहमी विचारता. तारांखाली गुलमोहर नको. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. अपार्टमेंटच्या चिंचोळ्या जागेत बकुळ चालते. ताम्हणही चालतं, मे महिन्यात जांभळं फुलतं आणि आटोक्यात राहतं. जुन्या झाडाभोवती हातभर तरी माती उघडी सोडा. ब्लॉक उचकटायला एक गवंडी आणि एक सकाळ पुरते. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवाले ओरडतील, त्यांना ओरडू दे. नदीकडच्या उतारावर राहत असाल तर करंज, जांभूळ, अर्जुन लावा. पाय पाण्यात राहिले तरी ही झाडं तग धरतात. पपई मात्र तिथं लावू नका. पुराचं पाणी दोन दिवस थांबलं की ती बसलीच.