आडनाव तर मानतंय की

(इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. माईकच्या शिट्ट्या आणि मधेच रडलेलं बाळ काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं.)

नमस्कार मंडळी. सेक्रेटरी साहेबांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि सांगितलंय की सोलापूरवर काहीतरी हलकंफुलकं बोला, शेंगाचटणी, कडक भाकरी, गड्डा म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा वगैरे, राजकारण नको. मी हो म्हटलं होतं. पण गेल्या रविवारी आमच्या घरी भांडण झालं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाहीये, त्यामुळे चटणी आज फक्त स्टॉलवर मिळेल.

भांडणाचं मूळ आपल्या गणपतीत आहे. आठवत असेल, आरतीला तो पक्षाचा माणूस आला होता, आपण त्याला उपरणं घातलं, टिळा लावला, त्यानेही हात जोडून 'नमस्ते' म्हटलं आणि मग विचारलं की तुमच्या समाजाला काय हवंय. आपण काय सांगितलं? पार्किंग. आणि विसर्जनाला परवानगी. मीही त्या घोळक्यात होतो, मान हलवत होतो. धाकटी मागे मोदक वाढत होती. तिला अठरा पूर्ण झालीत, मतदार यादीत नाव लागलंय. घरी जाताना गाडीत म्हणाली, "बाबा, मी आज आरतीला आले नसते, तर तो मला शोधायला कुठे गेला असता?"

मी म्हटलं, झोप आता, उशीर झालाय.

(ती मला तू म्हणते. आमच्या वडिलांना मी तू म्हटलं असतं तर मी आज इथे उभा नसतो, लक्ष्मी-विष्णू मिलच्या गेटसमोर भजी तळत असतो.)

मग गेल्या रविवारी तिने कॉलेजच्या कुठल्याशा असाइनमेंटसाठी विचारलं की 2021 च्या सेन्ससला आपल्या घराने धर्म काय लिहिला. फॉर्म मी भरला होता, रात्री साडेअकराला, लॅपटॉपवर, चौघांचा एका दमात. मी म्हटलं, हिंदू, अजून काय लिहिणार. ती म्हणाली, माझ्या नावापुढे पण? मला विचारलंस? म्हटलं तू लहान होतीस. बरं, म्हणाली, मग तुझ्या नावापुढे काय लिहिलंस? तू तर कॉलेजपासून नास्तिक आहेस, आजीला विचार, ती अजून त्यावरून रडते. त्यावर मी आवाज चढवला. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो आवाज चढवतो, हे तुम्हाला मंडळाच्या वार्षिक सभेवरून माहीत आहेच.

आणि त्या फॉर्मवर 'कोणताही धर्म नाही' हा चौकोन सगळ्यात वर होता ओ. पहिलाच. शिवाय तो प्रश्न ऐच्छिक होता, सोडून दिला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. मी तो पहिला चौकोन ओलांडून खाली गेलो आणि टिक केली. चार वेळा.

आता थोडं सोलापूरला जाऊ. मी कॉलेजला असताना एका निवडणुकीत बूथबाहेरच्या टेबलावर बसलो होतो. विचारधारा वगैरे काही नाही, दुपारच्या पुरीभाजीसाठी. टेबलाचा प्रमुख एक पानवाला होता, अण्णा म्हणायचो आम्ही त्याला. आता मतदार यादीत धर्म कधीच छापलेला नसतो, नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर, बास. पण अण्णा कानावरची लाल पेन्सिल काढून यादीवरून असा फिरायचा की जणू देवानेच त्याला कानात सांगितलंय. हे पूर्व भागातले तेलुगू, हे लिंगायत, हे मराठा, हे मोमीन, हे आपले, हे त्यांचे, हे पैशाचे. एका पानाला दोन मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. त्या यादीत आमचे वडील आले. अण्णाने टिक केली. मी म्हटलं, "अण्णा, ते देव मानत नाहीत, लाल बावट्याचे आहेत." अण्णाने पेन्सिल परत कानावर ठेवली, म्हणाला, "ते मानत नसतील बे, आडनाव तर मानतंय की."

त्या वेळी मी लई हसलो होतो. गेल्या रविवारी कळलं की त्या रात्री साडेअकराला लॅपटॉपवर बसलेला माणूस मी नव्हतो, अण्णाच होता.

आता आकडे, फार नाही. 2021 ला इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्म नाही असं लिहिणारे 37.2 टक्के निघाले, दहा वर्षांपूर्वी 25 होते. माणसं मोजली तर 2 कोटी 22 लाखांच्या आसपास. आपण हिंदू सगळे मिळून 10 लाखांच्या थोडे वर. आणि तरी उपरणं घालायला तो आपल्याकडे येतो, कारण आपल्याकडे हॉल आहे, तारीख आहे, माईक आहे, अध्यक्ष आहेत, समोर आयते चारशे लोक बसलेत. त्या 2 कोटी 22 लाखांची आरती कुठे असते, किती वाजता असते? 2024 च्या निवडणुकीत तर कमालच. मजूर पक्षाचे त्या वेळचे नेते किअर स्टार्मर स्वतः सांगतात की देवावर विश्वास नाही, खासदारकीची शपथसुद्धा त्यांनी देवाचं नाव न घेता घेतली, आणि प्रचारात मत मागायला गेले ते लंडनमधल्या किंग्जबरीच्या स्वामीनारायण मंदिरात. मी त्यांना दोष देत नाही. नास्तिक माणसालासुद्धा नास्तिकांचा पत्ता सापडत नाही, त्याला ते तरी काय करणार.

अमेरिकेत जे भाऊबंद आहेत त्यांनी हसू नये. तिथे मतचाचण्या घेणारे गॅलपवाले लोकांना विचारतात की तुमच्या पक्षाने लायक पण नास्तिक उमेदवार दिला तर मत द्याल का. 1958 ला हो म्हणणारे 18 टक्के होते, 2020 ला 60. चांगली वाढ आहे, पण मुसलमान उमेदवाराला त्याच वेळी 66 टक्के हो म्हणत होते, म्हणजे नास्तिक अजून त्याच्याही मागे रांगेत उभाय.

आणि आपल्या गावाजवळच नॉर्थम्प्टनला, अॅबिंग्टन स्क्वेअरमध्ये एक पुतळा आहे, हात लांब करून बोट दाखवत उभा. मी अकरा वर्षं त्याला वळसा घालून ऑफिसला गेलो आणि अकरा वर्षं मला वाटत होतं की हा बुटाच्या कारखान्याचा मालक असणार. तो चार्ल्स ब्रॅडलॉ. उघड नास्तिक. 1880 ला नॉर्थम्प्टनने खासदार म्हणून निवडून दिला. तो म्हणाला, देवाची शपथ नको, मी नुसतं वचन देतो. सभागृह म्हणालं, चालणार नाही. बरं मग शपथ घेतो, म्हणाला. तर म्हणे, तुझा देवावर विश्वास नाही, तुझी शपथ काय कामाची! एक रात्र तर त्याला तिथल्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवला. जागा रिकामी केली की गाव परत त्यालाच निवडून द्यायचं, असं सहा वर्षं चाललं. 1886 ला बसू दिलं, 1888 ला त्यानेच शपथेचा कायदा बदलून घेतला. आपल्या राज्यघटनेत आमदार-खासदाराला 'ईश्वरसाक्ष' किंवा 'गांभीर्यपूर्वक' असे दोन पर्याय मिळतात ना, ती वाट तिकडून आलीय असं मी मानतो. आणि हा माणूस 1889 ला काँग्रेसच्या अधिवेशनाला मुंबईत आला होता. 1891 ला गेला तेव्हा लंडनमध्ये शिकणारे गांधीजी त्याच्या अंत्यविधीला हजर होते.

पण मला त्याच्यापेक्षा त्याला मतं देणाऱ्यांचं नवल वाटतं. नॉर्थम्प्टन म्हणजे बूट शिवणाऱ्यांचं गाव. ते सगळे काय नास्तिक नव्हते, रविवारी चर्चला जाणारे असणारच की. मला लगेच आपला पूर्व भाग आठवतो. दारात बसून सुपात बिड्या वळणाऱ्या बायका, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढे नाचणाऱ्या, घरात देव्हारा, आणि त्याच भागाने कामगारांचे पुढारी नरसय्या आडम मास्तरांना 1978, 1995 आणि 2004 ला आमदार केलं, लाल बावट्यावर. त्यांना कुणी विचारलं नाही की तुझा देव कुठला. हजार बिड्यांना मजुरी किती मिळते, हे विचारलं. आणि त्याच सोलापुरात 2019 ला लोकसभेला मठाचे स्वामी उभे राहिले आणि दीड लाखाच्या वर मतांनी निवडून आले. गाव तेच, यादी तीच. फक्त विचारायचा प्रश्न बदलला असावा. की अण्णाची पेन्सिलच खरी होती आणि मजुरीचं आपण उगीच धरून बसलोय? मला खरंच ठरवता येत नाही.

आता तुमच्यावर थोडं रागावतो, चालेल ना? आरतीच्या वेळी या हॉलबाहेर पार्किंगमध्ये कोण कोण असतं ते मी बघतो, कारण मीही तिथेच असतो. चहाचा कप घेऊन एकेक जण हळूच सांगतो, माझा पण काही विश्वास नाही ओ, पण घरच्यांसाठी. मी मोजले, गेल्या वर्षी आम्ही नऊ जण होतो. नऊ! मंडळाची कार्यकारिणी सातची आहे. आणि आत तो पक्षाचा माणूस आला की आम्हीच नऊ जण पळत जाऊन त्याच्या फोटोत उभे. 'आमच्या समाजाला' पार्किंग हवंय असं सांगताना आमच्या पोरांचं घरभाडं, विद्यापीठाची फी, कुणाच्याच तोंडात आलं नाही. आरतीनंतर ते विचारणं बरं दिसत नाही म्हणे.

नास्तिकांनी पण फार कॉलर ताठ करू नये. अंधश्रद्धेवर फॉरवर्ड पाठवायचे आणि वास्तुशांतीला सगळ्यात आधी पंगतीत बसायचं, हा आपला बाणा. तिकडे दाभोलकरांना 2013 ला पुण्यात सकाळी फिरताना गोळ्या घातल्या, मग जादूटोणाविरोधी कायदा झाला. देव नाकारायचं काम त्यांच्यासारख्यांनी किंमत मोजून केलं, आम्ही इथे एक चौकोन टिक करायला घाबरतो, जिथे घाबरायचं कारणच नाही.

मग मी घाबरलो कुणाला? खरं सांगू? आईला. आई सोलापुरात, वय ब्याऐंशी. इंग्लंडच्या सेन्ससमध्ये मी काय लिहिलं ते तिला कोण सांगणार होतं? तरी. तिचं म्हणणं एवढंच की देव मानायचा नसेल तर मानू नको, पण गड्ड्याला येत जा. आणि मी जातो. बाराबंदी घालतो, नंदीध्वज डुलत होम मैदानाकडे निघाले आणि गर्दीतून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' सुरू झालं की माझा पण आवाज फुटतो, डोळ्यात पाणी येतं, बायको रुमाल देते. मग त्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं का? तेव्हा वाटलं नाही. लेकीच्या नावापुढे मात्र नक्कीच खोटं लिहिलं.

तिकडे भारतात आता 2027 ची जनगणना येतेय, या वेळी जात पण विचारणार. भावाचा परवा फोन आला. मी त्याला ऐकवलं की 2014 ला मुंबई हायकोर्टाने सांगितलंय, मला धर्म नाही असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे, सरकार जबरदस्ती करू शकत नाही. तो म्हणाला, "ते ठीक आहे बे, पण दारात येणारी शाळेतली बाई आपल्या ओळखीची असणार, तिच्यापुढं मी काय बोलू?" बरोबर आहे त्याचं. गेल्या वेळी, 2011 ला, धर्म न सांगणारे साऱ्या देशात 29 लाखांच्या आसपास होते, पाव टक्कासुद्धा नाही. एवढ्यांसाठी कोण अण्णा पेन्सिल काढणार.

लेक आज आलीय. मागच्या दाराजवळ तिळगूळ वाटतेय ती. भांडण मिटलेलं नाही, बोलतो आम्ही, पण फॉर्मचा विषय दोघंही काढत नाही. 2031 ला इथे परत सेन्सस होईल तेव्हा ती वेगळ्या घरात असेल, तिचा फॉर्म तीच भरेल, पहिला चौकोन टिक करेल, आणि मग तिच्या दारात मत मागायला कोण येणार, कुठल्या हॉलमध्ये तिला गाठणार, हे मला दिसत नाही. माझ्या फॉर्मचं काय ते अजून ठरलेलं नाही. आई तोवर असेल तर ती सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची असेल.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. चहा आलाय. आरती पाच मिनिटांत आहे, पार्किंगवाल्यांनी कप परत आणून ठेवा, गेल्या वेळी बारा कमी भरले.