हात वर, मामा

(दृश्य : बैठी घरं, अरुंद बोळ. मागांची खटखट.)

सोलापूरचा पूर्व भाग, सकाळचे साडेआठ. टीव्हीवर एक बाई खुर्चीत बसून हात वर करतायत. समोर मामा, वय ७८. त्यांचे हात मांडीवरच.

मामांनी ४० वर्षं चादरी विणल्या. आता चहाचा कप खाली ठेवतात आणि विचारतात, "चहा झाला का?" घरच्यांनी आधी ते म्हातारचळ म्हणून सोडून दिलं. मग एका पहाटे मामा डबा मागून कामावर निघाले. तो कारखाना कधीच बंद पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश.

व्यायामाचा व्हिडिओ आधी मोबाइलवर लावला. चित्र बोटभर, मामांना काही दिसेना. टीव्हीवर लावला तर बाईंचं हिंदी. मामा एरवी मराठी, हिंदी, कानडी सगळं बोलायचे, बाजारात लागायचंच. पण या आजारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते, घरातली मागे उरते. आता सूनबाई टीव्हीचा आवाज बंद करतात आणि स्वतः बोलतात, "चेतुलु पैकी, मामा." तेलुगूत, हात वर.

हात वर जातात.

खुर्ची हाताची, भिंतीला टेकलेली. व्हिडिओ घडीघडी थांबवावा लागतो, बनवणाऱ्यांना घाई फार. संध्याकाळी मामा बेचैन होतात, म्हणून वेळ सकाळचीच. मे महिन्यात तर सोलापुरात नऊनंतर धडधाकट माणसालाही व्यायाम नको वाटतो.

याने आजार बरा होत नाही. पाय चालते राहावेत, तोल सांभाळावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पुढचा व्हिडिओ कागदी फुलांचा. मामांनी कागद सरकवून दिला. मुलाने मग रंगीत सुताच्या कांड्या आणि थोडा गुंता समोर ठेवला. मामांनी तुटलेली दोन टोकं उचलली, चिमटीत धरली, पीळ दिला. गाठ बसली. नातू म्हणाला, "परत करा ना!" त्याला काही ती गाठ दिसली नाही.

अल्झायमर या डिमेन्शियाच्याच एका प्रकारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर झिजतो. हाताचं कसब मेंदूत दुसरीकडे राहतं, म्हणून ते बराच काळ टिकतं.

ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी गटाने बसून गप्पा, खेळ करण्याची एक पद्धत आहे. आठवड्यातून दोनदा, ४५-४५ मिनिटं, ७ आठवड्यांत १४ बैठका. इथे गट म्हणजे समोरच्या घरातल्या आजी. त्या जन्मभर विड्या वळत आल्या. त्यांना डिमेन्शिया नाही, पण टीव्ही आवडतो.

(दृश्य : मोबाइलवर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचं चित्रीकरण. पांढरी बाराबंदी, उंच नंदीध्वज.)

आज व्यायाम संपल्यावर मुलाने संक्रांतीचं हे चित्रीकरण टीव्हीवर लावलं. यावेळी आवाज सुरू ठेवून. गर्दीतून हाक आली, "एकदा भक्तलिंग हर्र..."

"बोला हर्र!" मामांचे दोन्ही हात वर. सूनबाई अजून काही बोललेल्याच नव्हत्या.