मिकी, तुझे कागद कुठे आहेत?

मुखपृष्ठावर मिकी माउस. सोबत एक ओळ : ‘वॉल्ट डिस्नेच्या परवानगीशिवाय प्रकाशित.’

प्रकाशित कसलं! हाताने लिहिलेली, हाताने रंगवलेली छोटीशी वही ती. साल १९४२, ठिकाण गुर्सची कैद्यांची छावणी. दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी.

ही छावणी १९३९मध्ये उभी राहिली ती स्पेनच्या यादवीतून पळून आलेल्यांसाठी. ऑक्टोबर १९४०मध्ये जर्मनीच्या बाडेन आणि आसपासच्या भागातून साडेसहा हजारांच्या आसपास ज्यू इथे आणून टाकले. लाकडी बराकी, थंडी, उपासमार आणि चिखल. छावणी चालवत होतं मात्र फ्रान्सचंच, नाझी जर्मनीशी हातमिळवणी केलेलं व्हिशी सरकार. म्हणून या वहीत चौकशी करणारा साहेब जर्मन नाही, फ्रेंच आहे.

वहीचा चित्रकार होर्स्ट रोझेन्थाल, मूळचा तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचा. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये आसऱ्यासाठी फ्रान्सला आला आणि त्याच देशाने त्याला डांबलं. सप्टेंबर १९४२मध्ये त्याला आउश्वित्झला, नाझींच्या मृत्युछावणीत पाठवलं. तिथेच तो मारला गेला. वय २७.

आता त्याचा मिकी बघा. फ्रान्समध्ये हिंडताना पोलीस अडवतो : कागद? मिकीकडे कागद कधी नव्हतेच. रवानगी गुर्सला. तिथे चौकशी.

बापाचं नाव?
वॉल्ट डिस्ने.
आईचं?
मला आई नाही.

साहेब चक्रावतो. बाप नसलेले पाहिलेत, पण आई नसलेला? बरं, ज्यू आहेस का? मिकी ओशाळून सांगतो, याबद्दल मला काहीच ठाऊक नाही. राष्ट्रीयत्व? जन्म अमेरिकेतला, पण मी आंतरराष्ट्रीय!

‘आंतरराष्ट्रीय? म्हणजे कम्युनिस्ट!’

सरकारी खिडकीपुढे ताटकळलेल्या कुणालाही हा साहेब ओळखीचा वाटेल. रोझेन्थालने त्याला राक्षस केलेलं नाही. फॉर्ममधला रकाना रिकामा राहिला म्हणून तो कासावीस होतो, इतकंच. आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. एका पानावर बराकींचा खराखुरा फोटो चिकटवलाय. त्यात मात्र विनोद नाही.

गुर्सची चक्क पर्यटन-पुस्तिकाही त्याने काढली होती. मिकीची वही आज पॅरिसच्या शोआ (म्हणजे ज्यूंचा संहार) स्मारकाच्या संग्रहात आहे.

तिच्या शेवटी मिकी म्हणतो, पिरेनीजची हवा आपल्याला काही मानवत नाही. आपण तर नुसतं चित्र! खोडरबर घेतो, स्वतःला खोडतो आणि थेट अमेरिका गाठतो.

‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे फ्रान्सचं ब्रीद. व्हिशी सरकारने ते काढून तिथे ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’ आणलं होतं. म्हणून मिकी जाता जाता पोलिसांना पत्ता देतो : शोधायचं तर या मला त्या देशात, जिथे स्वा…, स… आणि बं… आहे!